हळदीकुंकवाचं अत्तर

संक्रांतीनंतरचा शुक्रवार, दुर्गापुऱ्यातलं आमचं घर. हजर: सासूबाई, मी, धाकटी जाऊ आणि इथल्या पाच मराठी सवाष्णी.

अत्तर जावेनं राजा पार्कातल्या अत्तरवाल्याकडे पुन्हा पुन्हा जाऊन बनवून घेतलं होतं. लावताच मरव्याचा हिरवा वास, मग जुई, आणि शेवटी कातडीला चिकटून राहणारी मऊ कस्तुरी. माझा धाकटा दीर कुंडीतला मरवा चुरगाळून मानेला चोळायचा आणि तिच्यासाठी जुईचा गजरा आणायचा. तो गेल्या वर्षी वारला. तिला तोच वास परत हवा होता.

सासूबाईंनी सगळी कुपी अत्तरदाणीत ओतली आणि एकेकीच्या हाताला लावत निघाल्या.

"आज आमचे हे काही मला सोडायचे नाहीत!" एक जण म्हणाली. सगळ्या हसल्या.

जावेनं हात पुढे केला. सासूबाई तिला ओलांडून माझ्याकडे आल्या.

"आई, मला?"

"तुला कशाला? आता कुणासाठी दरवळायचंय?"

"आई, हा त्यांचा वास आहे."

"मला सांगतेस? मी जन्म दिलाय त्याला." आणि उरलेलं अत्तर त्यांनी स्वतःच्या मनगटाला पुसलं.

दुसऱ्या दिवशी जाऊ माहेरी गेली. जाताना म्हणाली, "ताई, अत्तरदाणी न धुता मला पाठवा. अत्तरवाला म्हणतो, ते पुन्हा जमणार नाही."

सासूबाई ती उशाशी घेऊन झोपतात. पाठवायची राहिली आहे.