बाबांचा डोळा आणि भट्टी

जानेवारीतला दुसरा रविवार, वैशाली नगरमधलं आमचं घर. हजर: आई, मी, धाकटा भाऊ आणि त्याची सात वर्षांची मुलगी.

बाबा पोलादाच्या प्लांटमध्ये भट्टीवर होते; त्यांचा डावा डोळा भट्टीच्या उजेडानं गेला, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. प्लांटवाल्या घरांत कशाचाही दोष भट्टीलाच देतात. मग माझ्याही डोळ्याचा पडदा सुटला. तो वेळेत चिकटवला आणि डॉक्टरांनी जनुकांची तपासणी करायला लावली.

त्या रविवारी मी रिपोर्ट समजावून सांगितला आणि कुणाची कोणती तपासणी व्हायची ते वहीत ओळीनं लिहिलं. डोळ्यातला पारदर्शक गर कोलॅजनच्या धाग्यांनी धरलेला असतो. प्रत्येक धागा तीनपेडी वेणीसारखा. ते कोलॅजन बनवणाऱ्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी माझी एक बिघडलेली आहे. त्यामुळे कोलॅजन कमी बनतं, गर विरळ होतो आणि पडदा फाटू शकतो. प्रत्येक मुलाकडे हा दोष जाण्याची शक्यता निम्मी असते; मला तो बाबांकडूनच आला असावा.

"मंग भट्टी नाही का?" आई म्हणाली. "मी त जन्मभर तिलेच शिव्या देल्या."

भाऊ जाड चष्मा पुसत होता. "मले नको तपासू, ताई. मेडिकलमधी अनफिट निघालो त भट्टीवरून काढून स्टोरमधी बसवतीन."

"अन् आंधळा झाल्यावर कुठं बसवतीन?" मी विचारलं.

"पोरीचं करून घे. माझं पाहू मंग."

पोरीचा रिपोर्ट आला. जनुकातला दोष नेमका माझ्यासारखाच. तो तिला बापाकडूनच आला असणार, म्हणजे भावाचं उत्तर त्याचं रक्त न काढताच मिळालं. तिचा पडदाही तपासून घेतला, तो शाबूत आहे. वहीत तिच्या ओळीपुढे मी खूण केली. भावाच्या ओळीत 'पडदा तपासणे' अजून तसंच आहे.