नवा प्रोसेसर आणि ह्यांचा हात

सत्त्याण्णव साली आमच्या दूधविनायक मोहल्ल्यातल्या घरातला कॉम्प्युटर चार वर्षांचा झाला. कॉलेजात जाणाऱ्या लेकीने तो गेम खेळायलाच हट्टाने घ्यायला लावला होता, आणि आता नवे गेम त्यावर अडखळत. मोटारींच्या शर्यतीत तिची गाडी नेमकी वळणावर गोठून उभी राही.

"आई, हा खटारा आहे नुसता. प्रोसेसर बदल, नाहीतर ह्याला गंगेत सोडून येते."

मी कागदाच्या मधोमध रेघ ओढली. बदलण्याच्या बाजूने सहा मुद्दे निघाले. विरुद्ध दोनच: जुना अजून बंद पडलेला नाही, आणि लेकीची परीक्षा जवळ आली आहे. हे कुठल्याच बाजूला नव्हते.

हे, म्हणजे माझे यजमान, शाळेत संस्कृत शिकवत. आदल्या हिवाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका येऊन उजवा हात लुळा पडला. फळ्यावर लिहिता आलं तरच शाळेत परत जाता येणार होतं. बोटं चालती राहावीत म्हणून लेकीने त्यांना एक जुना, साधा खेळ लावून दिला. वरून चेंडू येतो, खालची पट्टी डावी-उजवीकडे सरकवून तो अडवायचा. उजव्या हाताची दोन बोटं, दोन बटणं. एका डावात किती चेंडू अडले ते मी रोज लिहून ठेवी. सुरुवातीला चार होते, ते एकतीसपर्यंत गेले होते.

शनिवारी हे व्यायामाला गेले असताना सिगरा बाजारातला कॉम्प्युटरचा दुकानदार येऊन नवा प्रोसेसर बसवून गेला. "भाभीजी, दो दिन चलाकर देखिए. पसंद न आए तो वापस." लेकीची गाडी सुसाट वळणं घेऊ लागली. ह्यांना सांगायला हवं, हे मला सुचलंच नाही.

संध्याकाळी मी भाजी चिरत होते. ह्यांनी हाक मारली. जाऊन पाहते तर उजवा हात डाव्या हातात घट्ट धरून बसलेले.

"अगं, पुन्हा झटका आला वाटतं. एकही चेंडू अडत नाही."

लेक धावत आली. पडद्याकडे पाहताच तिच्या लक्षात आलं. त्या जुन्या खेळाला स्वतःचा असा वेग नव्हता. प्रोसेसर जितका जोरात, तितका चेंडू जोरात. तिने मशीनचा वेग कमी करणारं टर्बोचं बटण दाबून पाहिलं. चेंडू जरा मंदावला, तरी ह्यांच्या बोटांना सापडेना.

"बाबा, हाताला काही नाही झालं. मशीन फास्ट झालंय."

"म्हणजे इतके दिवस ते माझ्यासाठी हळू चालत होतं?"

"अहो, सगळ्यांसाठीच हळू होतं," मी म्हणाले.

सोमवारी मी जुना प्रोसेसर परत बसवून घेतला आणि ह्यांना खेळायला बसवलं. तेहतीस चेंडू अडले. त्यांनी बोटं उचलून मांडीवर ठेवली.

"हा हळू करून घेतलास."

"हा तोच जुना आहे."

"तेच म्हणतोय मी."

त्यानंतर ते त्या खुर्चीवर बसले नाहीत. चार दिवसांनी त्यांनीच लेकीला सांगितलं, "नवा घालून घे. माझ्यापायी कशाला अडवायचं?" तिने माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हटलं. नाही म्हटल्याने ते पुन्हा खेळणार नव्हते. नवा प्रोसेसर आला. शर्यत लावताना लेक आता आवाज बंद ठेवू लागली.

त्याच आठवड्यात मी ह्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी बोटं दाबायला लावली, कागदावर नाव लिहायला लावलं. अक्षर वाकडं आलं, पण लागलं. "मास्टरसाहब, बहुत सुधार है. अगले महीने से स्कूल जाइए." माझा जीव भांड्यात पडला. ह्यांनी मान डोलावली.

रिक्षा वळणावर आली तेव्हा त्यांनी समोर बघतच विचारलं, "डॉक्टरांना तू आधी काय सांगून ठेवलं होतंस?"