तिवाट्यावरचं लिंबूपाणी

धावणाऱ्या माणसाचा आठवडा सोमवारी सुरू होतो तो न धावण्यानं. सोमवार विश्रांतीचा. तरी पाच वाजता डोळे उघडतातच, आणि दहिवलीच्या आमच्या घरात सर्वात आधी उठायचा मान सासूबाईंचा असल्यामुळे त्या मला ओट्यावर रिकामी बसलेली बघून विचारतात, "आज नाय जायचं का बोंबलत?" त्यांच्या लेखी धावणं आणि बोंबलत फिरणं एकच.

मंगळवारी जलद तुकड्या: चारशे मीटर जीव तोडून, मग दोन मिनिटं चालत, असं आठ वेळा. बुधवारी रमतगमत पाच किलोमीटर. गुरुवारी चढ. शुक्रवारी घरातच पोटापाठीचे व्यायाम. शनिवारी जेमतेम तीन, पाय मोकळे करायला. आणि रविवारी लांब पल्ला. यातलं काहीही असलं तरी सव्वासातला रसायनीला जाणारी कंपनीची बस पकडायचीच, रविवार सोडून. मी तिथल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. वीस वर्षं मोजमापं करण्यात गेल्यामुळे स्वतःलाही मोजायची खोड लागली आहे. धावायच्या आधी वजन करायचं, धावून आल्यावर घाम पुसून पुन्हा करायचं. जेवढं कमी भरलं तेवढं पाणी गेलं, आणि तेवढं वाटेत थोडं थोडं पोटात जायला हवं होतं. घोट घोट, तहान लागायच्या आधी. तहान लागली म्हणजे उशीर झाला.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. गेल्या मे महिन्यात माहेरी, खालापूरला गेले होते तेव्हा तोऱ्यात कुंभिवलीकडे धावत निघाले. पाणी घेतलं नव्हतं. आठव्या की नवव्या किलोमीटरला बोटांना मुंग्या आल्या, डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि पुढचं आठवतं ते पंक्चरवाल्याच्या बाकावरचं. दोन ट्रकवाले माझ्या तोंडावर पाणी मारत होते आणि पंक्चरवाला ट्यूबच्या खोक्याच्या पुठ्ठ्यानं वारा घालत होता. माझ्या फोनमधला 'घर' नंबर त्यांनी लावला, आणि सासूबाई दहिवलीहून टेंपो करून मला न्यायला आल्या. घरी आल्यावर म्हणाल्या, "परत रस्त्यात पडलीस तर धावणं बंद. कबूल कर." मी कबूल केलं. त्या घाबरल्या होत्या आणि चूक माझी होती, नाही कोणत्या तोंडानं म्हणणार?

तेव्हापासून प्रत्येक रविवार माझ्यासाठी परीक्षेचा. शेहेचाळिसाव्या वर्षी मला हाती लागलेलं हे एकच सुख होतं, जे कुणाच्या डब्यात भरायचं नव्हतं की कुणाच्या अहवालात लिहायचं नव्हतं. ते एका घेरीनं जाणार होतं.

मार्च उजाडायच्या आतली गोष्ट. तीन आठवड्यांवर माझी पहिली एकवीस किलोमीटरची शर्यत आली होती, आणि त्या रविवारी अठराचा सराव करायचा होता. शर्यत सातला सुटणार म्हणून सरावही सातलाच. म्हणजे परतताना ऊन डोक्यावर. पाण्याचं काय करायचं? कमरेच्या पट्ट्यात छोट्या बाटल्या लावून पाहिल्या होत्या, त्या डुचमळतात आणि कातडी सोलवटते. हातात बाटली धरली तर खांदा धरतो. वाटेत घरं आहेत, पण कुणाच्या दारात उभं राहून पाणी मागायचं हे माझ्यानं होत नाही. कधीच झालेलं नाही. आमच्या माहेरी हात पसरणं हा शेवटचा गुन्हा होता आणि त्या कायद्यातून पाणीही सुटलेलं नव्हतं.

मग मी डोकं चालवलं. शनिवारी संध्याकाळी स्कूटरवरून आतल्या गावांच्या रस्त्यानं गेले आणि दोन बाटल्या ठेवून आले. एक सहाव्या किलोमीटरला, तीन रस्ते मिळतात त्या तिवाट्यावर करंजाच्या बुंध्याशी. दुसरी नवव्याला, गावाच्या शिवेवरच्या दगडामागे. आत पाणी, मीठ, साखर आणि लिंबाच्या फोडी. चटकन दिसाव्यात म्हणून दोन्हींच्या गळ्याला लाल लोकरीचा धागा बांधला. स्वतःवर इतकी खूश होते की येताना गाणं म्हणत आले.

रविवारी सहा किलोमीटर मस्त झाले. दोन्ही बाजूंना वालाची शेतं काढून झालेली, रस्ता मोकळा. करंजाशी पोचले तर बाटली नाही. म्हटलं, गेली असेल कुणाच्या हाताला, पुढची आहेच. नवव्याला दगडामागे वाकून बघितलं तर तिथेही नाही. बाटलीच्या जागी राखेचं गोल कडं होतं. कुणीतरी शेकोटी केली असेल असं वाटून मी मागे वळले. प्रयोगशाळेत वीस वर्षं काढलेल्या बाईनं इतकं ढब्बू असावं!

दहाव्याला ओठ चिकटायला लागले. अकराव्याला घाम यायचा थांबला, ते लक्षण मला माहीत होतं. मी चालू लागले. बाराव्याला, पुन्हा तिवाट्याजवळ, बोटांना मुंग्या आल्या. आणि मी भ्याले, सरळ सांगते. पडण्याला नाही, बंद होण्याला भ्याले.

तिवाट्यापासून हाकेच्या अंतरावर एक घर होतं. अंगणात एक म्हातारी वाल पाखडत बसली होती आणि ओट्यावर माठ होता, वर पितळी झाकण, झाकणावर पेला. मी त्या घरावरून पुढे गेले. विश्वास ठेवा, मुंग्या कोपरापर्यंत चढल्या होत्या, समोर माठ होता, आणि मी पुढे गेले. वीस पावलं गेल्यावर डोळ्यांपुढे पहिला काजवा चमकला. तेव्हा कुठे वळले.

"मावशी," मी म्हणाले. पुढचं वाक्य इतकं छोटं, पण ते मी माठाकडे बघतच म्हणाले. "पाणी मिळेल का?"

म्हातारीनं वर बघितलं आणि सूप खाली ठेवलं. "अगो बाय, तोंड बघ कसं झालंय! बस पयली. तिथं सावलीला." माझं बखोट धरून तिनं मला ओट्यावर बसवलं. आधी अर्धा पेला पाणी दिलं, "सावकाश गं, ढोसू नको." मग आत जाऊन वाडगाभर पेज घेऊन आली. कोमट, पातळ, मीठ घातलेली, भाताची चार शितं तळाशी. मी ती घोट घोट प्यायले. माझ्या कागदावरच्या हिशेबात जे जे हवं होतं ते सगळं त्या वाडग्यात होतं, आणि चव माझ्या लिंबूपाण्यापेक्षा कितीतरी बरी.

मुंग्या ओसरल्या तशी तिनं चौकशी केली. कुठली, कुणाची, पाठीमागं कोण लागलंय म्हणून धावतेस. मग आवाज खाली करून म्हणाली, "आज या वाटेनं आलीस ती तू चुकलीसच. काल कुनीतरी इथं उतारा ठेवलाय."

"उतारा?"

"करंजाखाली. लिंबू कापलेलं, मिठाचं असंल असं गढूळ पाणी, वर लाल दोरा. आणि दुसरा शिवंवर! शनवारची अवस, बाय, शनवारची. बायका सकाळपासनं शेतातनं वळसा घालून जातायत. माझ्या लेकानं चिमट्यानं उचलून दोन्ही नदीत सोडलं, राख टाकली जाग्यावर, आणि येऊन डोक्यावरनं आंघोळ केली."

पेजेचा घोट माझ्या नाकात गेला. लिंबू, मीठ, लाल दोरा, तिवाटा, शीव आणि अमावास्या. काही म्हणजे काहीच राहिलं नव्हतं. एखाद्या मांत्रिकाला नेमलं असतं तर त्यानंही इतकं चोख काम केलं नसतं. मी कॅलेंडरात सुट्ट्यांपलीकडे काही बघत नाही त्याचं हे फळ.

गप्प राहून सटकता आलं असतं. पण तिची पेज माझ्या पोटात होती. "मावशी," मी म्हणाले, "तो उतारा नव्हता. माझं लिंबूपाणी होतं."

तिला कळायला थोडा वेळ लागला. मी पुन्हा सांगितलं, लोकरीसकट. मग ती जी हसायला लागली, ती पोट धरून, डोळ्यांना पदर लावून. शेजारच्या अंगणाकडे तोंड करून ओरडली, "अगो, ऐकलंस का? या बायनं गाव बाटवलान!" तिघीचौघी जमल्या. वळसा घालून पाय दुखलेल्या एकीनं मला चांगलं सुनावलंही, आणि ते मी मान खाली घालून ऐकून घेतलं. मग त्याच बाईनं मला गूळ आणून दिला.

निघताना म्हातारी म्हणाली, "दारं उघडी हायत, माठ भरलेले हायत, आणि तू पाणी झाडाखाली लपवतेस. काय म्हणावं तुला?" उरलेले सहा किलोमीटर मी सावकाश धावले, आणि अठरा पुरे केले.

घरी सासूबाई ओट्यावर लसूण सोलत होत्या. माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी एवढंच विचारलं, "पडलीस?"

"नाही. बसले." लपवायचं नाही असं ठरवून आले होते, म्हणून मुंग्यांपासून गुळापर्यंत सगळं सांगितलं. उताऱ्याला त्या खळखळून हसल्या. मग हसता हसता थांबल्या.

"त्या बाईनं आपणहून दिलं का तू मागितलंस?"

"मागितलं."

त्यांनी लसणाची पाकळी खाली ठेवली. "लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात तुला ताप भरला होता. उभं राहवत नव्हतं. मी उशाशी बसलेली, आणि तू भिंतीला धरून उठलीस नि स्वतःचं पाणी स्वतः आणलंस. नंतरही तसंच. वीस वर्षं झाली. मला वाटायचं, माझ्या हातचं हिला नको असंल."

मला वाटायचं की मी त्यांना त्रास देत नाही. मी चांगली सून आहे म्हणून देत नाही. वीस वर्षं आम्ही दोघी एकाच माठातलं पाणी पीत होतो आणि ही गोष्ट त्या अशी मनात धरून बसल्या होत्या. लाज वाटली, रडूही आलं.

"धावायचं तर धाव," त्या म्हणाल्या. "मागशील तर नाय पडायची तू."

मी बूट न काढताच त्यांच्या शेजारी टेकले. "आई," मी म्हणाले, "तहान लागली आहे. पाणी द्या ना."

त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. मी मदतीला उठले नाही, मुद्दाम उठले नाही. आतून माठाचं झाकण वाजलं आणि त्या तांब्या-भांडं घेऊन आल्या. मी एक भांडं प्यायले, दुसरं प्यायले. तिसरं त्यांनी न विचारता भरलं. तहान केव्हाच भागली होती, तरी मी तेही प्यायले.