शिंपल्यांत न बसलेला बार्नकल

"मास्तर, चौदा नंबर गलत खान्यात आहे," मोहतमिमसाहेब म्हणाले.

निजाम सरकारात शाळा तपासणाऱ्या साहेबाला मोहतमिम म्हणत. बीडच्या आमच्या शाळेत सायन्सच्या कपाटापुढे ते फेहरिस्त, म्हणजे सरकारी यादी, घेऊन उभे होते. त्यांच्या शेऱ्यावर माझी कच्ची नोकरी पक्की व्हायची होती.

चौदा नंबर म्हणजे बार्नकल. समुद्रातल्या खडकाला जन्मभर चिकटून राहणारा, बोराएवढा प्राणी. बाहेरून चुन्याचं टणक कवच. आमच्याकडे समुद्र कुणी पाहिलेला नव्हता. साहेबांनीही नाही.

फेहरिस्तीत तो शिंपले-गोगलगायींच्या खान्यात होता. मी ठेवला होता खेकडे-झिंग्यांत. शिंपल्याला खेकड्यासारखे सांध्यांचे पाय नसतात, बार्नकलला असतात. प्राण्याची जात नुसत्या कवचावरून ठरत नाही, आत कोण बसलंय ते बघावं लागतं. नेकनूरच्या आमच्या घरात सही करणारा पहिला माणूस मी. यादी वाचून दाखवायला बी.एस्सी. झालो नव्हतो.

"फेहरिस्त हैदराबादच्या आलिम, शिकल्यासवरल्या लोकांनी केली आहे," साहेब म्हणाले. "तुम्ही नेकनूरचे."

"नेकनूरचाच, साहेब. पण पाय बार्नकलचे आहेत."

स्पिरिटच्या बाटलीतून एक काढला, कवच फोडलं, सुईनं पाय उलगडले. शेजारी आमच्या बिंदुसरा नदीतल्या खेकड्याचा पाय ठेवला आणि भिंग साहेबांच्या हातात दिलं.

साहेब बराच वेळ बघत राहिले. "पाय हैं तो सही. हा करतो काय यांचं?"

"डोक्याकडून खडकाला चिकटतो अन् पायांनी तोंडात घास लोटतो. जागा म्हणून सोडत नाही."

"म्हंजी कचेरीतलाच हाय की सरकार!" दारातून दगडू चपराशी बोलला.

साहेब हसले नाहीत. शेरा लिहिला: 'मास्तर काबील. फेहरिस्त मानत नाहीत. आणखी एक साल कच्चे.'

ते गेल्यावर दगडू माझ्यावर घसरला. "कावून नडलात मास्तर? मेलेल्या किड्यापायी नोकरी घालवता? ठिवा की तिकडं!"

"नाही ठेवत."

पायांचं चित्र काढून हैदराबादला तीन अर्ज धाडले. एकाचाही जवाब नाही. नोकरी कच्ची म्हणून लिंबागणेशच्या सोयऱ्यांनी माझं ठरलेलं लग्न पुढं ढकललं. वडील माझ्याशी बोलेनात. बाटली मात्र खेकड्यांतच राहिली.

वर्षानं नवी छापील फेहरिस्त आली. चौदा नंबर खेकड्यांत! कुणी बदललं, कशावरून, एक अक्षर नाही. मागोमाग साहेब आले. यादी बघितली, कपाट बघितलं, खूश झाले आणि मला जागेवर पक्कं करून शेरा लिहिला: 'मास्तरांनी गेल्या सालची चूक दुरुस्त केली.'

मी शेऱ्याखाली सही ठोकली. लग्न व्हायचं होतं. सरकारी हुकूम निघेपर्यंत खेकड्याला नातेवाईक नसतो, एवढं कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.