आतली कडी

सोनाबाई गेल्याचा फोन तिच्या मुलीनं, विमलनं केला. "काका, आई गेली," एवढंच बोलली. कळंबला शोकसभा झाली. सोनाबाईच्या गावात बौद्धांची घरं जाळली गेली तेव्हा कळंबच्या आमच्या सहकारी सोसायटीनं त्या कुटुंबांना गोदामात सुरक्षित आसरा दिला होता, असं एका पुढाऱ्यानं भाषणात सांगितलं. लोक माझ्याकडं वळून पाहू लागले, कारण त्या वेळचा सेक्रेटरी मी. विमलनंही पाहिलं, तिच्या एका डोळ्यानं. मी ते खोडलं नाही. काही आठवडे झाले, पण तो शब्द घशाखाली उतरत नाही... सुरक्षित!

सत्तरचं दशक सरत आलं होतं. दुष्काळात धान्य ठेवायला बांधलेलं गोदाम रिकामं पडलं होतं. तहसील कचेरीनं मागितलं, आम्ही दिलं. टेम्पोतून उतरलेल्या बायका आपापली गाठोडी शोधत होत्या. सोनाबाई मात्र विमलला कडेवर घेऊन आधी दारापाशी गेली. पत्र्याचं दार तिनं आतून चाचपलं.

"कडी कुठाय?"

"बाहेरून आहे. संध्याकाळी मी कुलूप घालीन, सकाळी काढीन. कुणी आत शिरणार नाही."

गोदामाची आमची रीतच तशी होती. आतून दार लावायची गरज पोत्यांना कधी पडली नव्हती.

"आन् आमी भाईर कसं यावं?" तिनं विचारलं. मग सांगितलं. पेटवायच्या आधी गावात घरांच्या कड्या बाहेरून घालण्यात आल्या होत्या. मागची कुडाची भिंत फोडून ती लेकीला घेऊन निघाली. सासू आतच राहिली.

आतून कडी बसवू का, हे विचारायला मी चेअरमनसाहेबांकडं गेलो. "कर्ज काढून बसवलेलं दार हाय. भोकं पाडायची तर ठराव लागंल. बैठकीत घेऊ," ते म्हणाले. बैठक झाली, उसाच्या वाहतुकीवरच उठली. "मग किल्ली तरी द्या," सोनाबाई म्हणाली. किल्ली सोसायटीची. तीही मी दिली नाही. आजही चीड येते... चेअरमनची, कचेरीची आणि सगळ्यांत जास्त माझी स्वतःची. नियमाला हात लावायची छाती नव्हती, आणि त्यालाच मी शिस्त म्हणत होतो.

ती माणसं दिवसा आत स्वयंपाक करायची आणि निजायला बाहेर ओट्यावर यायची. एकदा पाहणीला आलेले साहेब चिडले. "एवढी सोय केली, तरी उघड्यावर का झोपता?"

"साहेब, आज तुमीच झोपा की आत," सोनाबाई म्हणाली. "कुलूप म्या लावते."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. "लई हट्टी लोक हैत," असं मला म्हणत साहेब जीपमध्ये बसले. मीही मान डोलावली. त्यानंतर थोड्याच दिवसांत अंधारातून ओट्यावर दगड आले. त्यातला एक विमलच्या डोळ्यावर बसला.

दवाखान्यात नेलं, पण विमलचा तो डोळा गेला. पुढं सोनाबाई कळंबलाच राहिली, बाजारात भाजी विकली, विमलला शिकवून नर्स केलं. रस्त्यात मी दिसलो की हाक मारायची, "काय सेक्रेटरी, झाला का ठराव?" आजूबाजूचे हसायचे, मीही हसायचो. ती थट्टा करत नाही, हे एकट्या मला ठाऊक होतं.

तो आसरा सुरक्षित नव्हता. सोनाबाईनं तिथल्या माणसांना कुलपाआड निजू दिलं नाही, म्हणून निदान कोंडून जळायच्या भीतीत तरी त्यांच्या रात्री गेल्या नाहीत. तिच्या नावावर हे लिहिलं जावं. आमच्या नावावर फक्त पत्रे आणि भिंती.

गोदाम आता ओसच असतं. परवा लोहाराला घेऊन गेलो. कुणाला विचारलं नाही. विमलला बोलावलं होतं, ती आली. मागवलेला चहा यायच्या आत भोकं पाडून कडी बसवूनही झाली.

"झालं?" विमलनं विचारलं. "एवढंच काम होतं?"

"व्हय," मी म्हणालो. "एवढंच."

ती मला बाहेर राहायला सांगून एकटीच आत गेली आणि दार ओढून घेतलं. कडी सरकल्याचा आवाज आला. लोहार हत्यारं आवरून निघून गेला. मी उन्हात उभा होतो... दार वाजवलं नाही.