तांदळातलं नाव

बदलापुरातल्या बेलवलीच्या प्रज्वलला समानतेवर बोलतं केलं की समोरच्याचा चहा गार झालाच म्हणून समजा. तो अंबरनाथच्या एका कॉलेजात शिकवायचा, आणि बोलायचा ते मनापासून. नुसता बोलघेवडा होता असंही नाही. स्वतःचं ताट घासायचा, चपात्या लाटायचा, वाकड्यातिकड्या का होईना. आपल्या या पुढारलेपणावर तो फार खूश असायचा, एवढाच काय तो दोष.

कुळगावच्या गोदावरीशी त्याचं लग्न ठरलं. ती एका औषधांच्या कंपनीत नोकरीला, आणि दोघांचं छान जमायचं. साखरपुड्यात एका मावशीने सहज विचारलं, "काय रे, सुनेचं नाव काय ठेवणार?" लग्नानंतर लक्ष्मीपूजनाला नवरा ताटातल्या तांदळात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो, त्याबद्दल ती विचारत होती. प्रज्वलने थेट माइकच उचलला. "नाव बदलायला बायको म्हणजे काय मालमत्ता आहे? ती गोदावरी आहे आणि गोदावरीच राहणार!" टाळ्या पडल्या. सुजित या त्याच्या मित्राने व्हिडिओ काढून अर्ध्या बदलापुरात फिरवला. गोदावरीचे डोळे भरून आले. प्रज्वलला वाटलं, पोरगी भारावली.

पुढच्या रविवारी दोघं उल्हासनगरला खरेदीला गेली. साडीला फॉल लावायला टाकताना सिंधी दुकानदाराने विचारलं, "नाम क्या लिखूं, दीदी?"

"स्वप्नाली," ती सवयीने म्हणाली.

"कोण स्वप्नाली?" बाहेर आल्यावर प्रज्वलने विचारलं.

"मी. म्हणजे, होणार होते."

मग तिने सगळं सांगून टाकलं. आजी गेली त्याच वर्षी ती जन्मली, म्हणून आजीचं नाव तिला चिकटलं. शाळेत पोरं 'गोदू म्हातारी' म्हणून पिडायची. घरात नाव बदलते म्हटलं असतं तर बाबा दुखावले असते, आत्यांनी रडून गोंधळ घातला असता. लग्नात मात्र नाव बदललं तर कुणी हूं की चूं करत नाही. म्हणून तिने नाव केव्हाच निवडून ठेवलं होतं, आणि अनोळखी दुकानात ती तेच सांगायची.

"एकच चान्स होता यार माझा. तो तू भाषणात उडवलास."

"अगं, पण हे तत्त्वाच्या विरुद्ध आहे! आणि मी सगळ्यांसमोर शब्द दिलाय, त्याचं काय?"

"शब्द तुझा. नाव माझं आहे ना?"

दोन दिवस प्रज्वल तोंड पाडून फिरला. बायकांवरच्या संस्कारांविषयी एक नवं भाषणही त्याने मनातल्या मनात जुळवून पाहिलं, पण ते पुढे सरकेना. आपण नावाबद्दल साऱ्या गावाशी बोललो आणि जिचं नाव तिलाच विचारलं नाही, हे ध्यानात आलं तेव्हा त्याला स्वतःची लाज वाटली.

लक्ष्मीपूजनाला घर माणसांनी भरलं होतं. प्रज्वल ताट बाजूला सारणार, ते टिपायला सुजित मोबाइल धरून सज्ज. प्रज्वलने घसा साफ केला.

"साखरपुड्यात मी बोललो, ते हिला न विचारता बोललो. चूक झाली. हिचं नाव हीच लिहील."

"काय भाई, स्त्रीमुक्ती संपली का?" सुजित ओरडला आणि हशा पिकला. प्रज्वलचे कान तापले, पण अंगठी त्याने तिच्या हातात दिली. तिने सावकाश 'स्वप्नाली' लिहिलं. तिच्या वडिलांनी वाकून ते वाचलं, मग तेच म्हणाले, "चांगलं आहे, पेढे वाटा."

ताट उचलायला प्रज्वलची आई, सगुणाबाई, पुढे आली आणि तिथेच थबकली.

"पोरी, तुजा बरा झाला," ती हसत म्हणाली. "मना कोनी इचारलाच नाय. सगुणा ह्याच्या बापानं ठेवला."

"मग तुमचं माहेरचं नाव काय, आई?" स्वप्नालीने विचारलं.

प्रज्वलने उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि आपल्याला ते ठाऊकच नाही हे त्याला तेव्हा कळलं.

स्वप्नालीने अंगठी सासूच्या हातात ठेवली. ताटात नावाखाली थोडी जागा उरली होती. आईने पदर सावरला, खाली बसली आणि दोनच अक्षरं काढली. प्रज्वलने वाकून पाहिलं. त्याने आयुष्यात पहिल्यांदा आपल्या आईचं नाव वाचलं: सखू.