मोजून दिलेला कोसरु

मॅडमनी माझा लघुप्रबंध परत केला तेव्हा त्यावर लाल शाईत एकच ओळ होती : हे सगळं पुस्तकातलं आहे, तू स्वतः काय पाहिलंस? पंधरा दिवसांत नवं प्रकरण जोडलं नाही तर सही नाही, आणि सही नाही तर एम.ए.चं वर्ष गेलं. घरचे पुन्हा बसवणार नव्हते, हे मला पक्कं ठाऊक होतं. प्रबंधाचा विषय न्याय. मला असा राग आला म्हणता! चार महिने ग्रंथालयात मान मोडून लिहिलं, आणि बाई विचारतात, पाहिलंस काय. नागपूरहून बस धरली आणि तणतणत तेलंगणातल्या इचोड्याला घरी आले.

आई आठवडी बाजारात भाजी विकते. त्या दिवशी तिचा खांदा धरला होता, म्हणून काट्यावर मी बसले. आमच्याकडे भाजी मोजून झाली की वर थोड्या मिरच्या, सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, दोन काड्या टाकाव्याच लागतात. मराठी असो की तेलुगू, अख्खा बाजार त्याला कोसरु म्हणतो. आई कोणाला मूठभर टाकते, कोणाला काहीच नाही. कशाला काही धरबंध नाही. अन् एकदम डोक्यात आलं, अगं, हेच तर माझं प्रकरण! न्याय म्हणजे सगळ्यांना सारखं. ठरवलं, आज प्रत्येकाला दोन मिरच्या. ना कमी, ना जास्त.

दोन तास छान चाललं. मनातल्या मनात मी पहिला परिच्छेदसुद्धा रचला. हायवेवरच्या धाब्याचा माणूस पोतंभर टमाटे घेऊन गेला, त्याला दोन मिरच्या. त्याच्यामागून एक म्हातारी आली. एकटी राहते, माझ्या लहानपणापासूनची गिऱ्हाईक. तिनं पाव किलो वांगी घेतली, तिलाही दोन.

तिनं पिशवीत पाहिलं. “दोनच काऊन वं?”

“आजी, आज सगळ्यांना सारखंच.”

“मोजून देतेत तो कोसरु असते का वं पोरी?” तिनं मिरच्या ढिगावर ठेवल्या, वांगीही ठेवली, आणि समोरच्या दुकानावर गेली.

आई मागून पाहत होती. “काय करून बसली वं तू?”

“सगळ्यांना सारखं दिलं. काय चुकलं त्यात?”

“अवं, ते बुढी वांगे मिरचीसाठी घेते. मिरची इकत परवडत नाई, अन् मागता येत नाई तिले, म्हून मूठभर टाका लागते. अन् त्या धाब्यावाल्याले कायले पायजे फुकट?”

मला इतकी लाज वाटली की काट्यावरून उठले. संध्याकाळी शहाणपणा करून पावभर मिरच्या पुडीत बांधल्या आणि म्हातारीच्या दारात गेले. तिनं पुडीला हातही लावला नाही. “म्या मागाले आली होती काय?” म्हणाली, आणि आत गेली. आगीतून फुफाट्यात, दुसरं काय! भाजीवर टाकली तर तिचा हक्क, दारात नेली तर भीक, एवढंही मला कळलं नव्हतं.

तीन दिवस बसून ते जसंच्या तसं लिहिलं. स्वतःची बाजू सावरली नाही. मॅडमनी प्रकरण वाचलं आणि सही केली. जिन्यात येऊन मी पहिला फोन आईला लावला.

“झाली सही!”

“बरं झालं माय. काय लिवलं त्याच्यात?”

“मी चुकले, ते लिहिलं.”

“इतकं समजाले दोन वर्सं लागले काय वं तुले?” ती खदखदून हसली. मीही हसले. मग भीत भीत विचारलं, “ती आजी येते का गं आता आपल्याकडं?”

“नाई. समोरच्याकडूनच घेते.”

मग आईच पुढं म्हणाली, “अवं, त्याले सांगून ठेवलं म्या. तिची पिशवी आली का मिरची मूठभर टाकत जाय, अन् हातात किती आली ते पाहू नको म्हनलं.”

प्रबंधावर सही झाली होती. आईनं केलेलं हे त्यात नव्हतं. मला सुचलंच नव्हतं.